रंगाचं पाणी

"पी."

बाईंनी पेला माझ्या तोंडाला लावला होता. एक हात माझ्या वेणीत, दुसऱ्या हातात पेला. प्लास्टिकचा, कडेला चीर गेलेला. आत बादलीतलं पाणी होतं, आणि त्यात मी नुकतंच ओतलेलं रंगाचं पाणी. दारात सगळा वर्ग जमलेला. चौथी ब.

"पी म्हणते ना. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात घाण ओततेस? आता तूच पी."

मी तोंड घट्ट मिटलं. त्यांनी वेणी मागे खेचली. मान वर गेली आणि तोंड आपोआप उघडलं. पेल्याची चीर ओठाला कापून गेली. पाणी खडूसारखं लागलं, मागून कडू. निम्मं घशात गेलं, निम्मं नाकातून बाहेर आलं. पांढऱ्या शर्टावर जांभळा ओघळ. मला तिथेच उलटी झाली, त्यांच्या पायाजवळ. तीही जांभळी होती.

उलटी केली म्हणून मारलं. लाकडी पट्टी, आडवी नाही, धारेने. बोटांच्या पेरांवर. ज्या बोटांत ब्रश धरतात त्याच बोटांवर. मग फडकं टाकलं समोर. मीच पुसायचं.

पाजण्याआधी त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या होत्या.

"कुठून येतेस गं?"

"दिव्याहून."

"आडनाव काय?"

मी सांगितलं.

"मग बरोबर," बाई म्हणाल्या.

बादलीत पाणी मी ओतलं होतं, हे खरं आहे. का ओतलं, ते कुणी विचारलं नाही. आता मी सांगते.

दिव्यात आमच्या चाळीत पाणी म्हणजे मारामारी. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. माझ्या आईच्या कपाळावर आजही व्रण आहे, दुसरीच्या हंड्याचा काठ लागलेला. असं मिळवलेलं पाणी कोण एकदा वापरून फेकेल? तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला. संडासाच्या दाराशी झाकण असलेली निळी बादली असायची, वापरलेलं सगळं पाणी तिच्यात जायचं. न्हाणीत नुसतं ओतून दिलं तर पाठीत धपाटा बसायचा.

शाळा डोंबिवलीत होती. आई ज्या घरी धुणीभांडी करायची, तिथल्या काकूंनी ओळखीने प्रवेश मिळवून दिला होता. चित्रकलेच्या तासाला दोन-तीन मुलांत मिळून एक पेला. ब्रश बुडवून बुडवून पाणी गढूळ झालं की बाई सांगायच्या, पाणी बदलून या. पोरं जायची आणि भडाभड बेसिनमध्ये ओतायची. माझा जीव वर यायचा. एवढं पाणी! त्या दिवशी पेला माझ्याकडे आला. पॅसेजच्या टोकाला शिक्षकांचा संडास. दाराशी निळी बादली, वर झाकण. अगदी आमच्यासारखी. मी झाकण उचललं, पेला रिकामा केला, झाकण नीट लावलं. आपण शहाण्यासारखं वागलो असं वाटून मी खूश झाले होते.

त्या दिवशी शाळेचाही नळ गेला होता. शिपाईमावशींनी कुठून तरी आणून शिक्षकांच्या चहासाठी, पिण्यासाठी त्या बादलीत पाणी भरून ठेवलं होतं. पिण्याचं पाणी संडासाच्या दाराशी कुणी ठेवलं, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. कुणी ओतलं, एवढाच पडला.

मी फरशी पुसत होते तेव्हा स्टाफरूममधून बाईंचा आवाज आला. "या लोकांना पाण्याची किंमतच नसते हो."

हे वाक्य मी विसरलेले नाही. मेल्यावरही विसरणार नाही.

संध्याकाळी आईने शर्ट बघितला. सगळं ऐकून घेतलं आणि आधी माझ्याच थोबाडीत मारली. "दुसऱ्याच्या बादलीला हात लावायची गरज काय होती तुला?" मग शर्ट घेऊन घासायला बसली. घासत राहिली, कॉलर फाटेपर्यंत. माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, तिकडेही नाही. जयंतीला आमच्या चाळीत लाऊडस्पीकरवर तळ्याच्या पाण्याचं गाणं लागायचं, आई पाठ म्हणायची. पण काकूंच्या कानावर गेलं तर काम जाईल आणि शाळाही जाईल, याची तिला धास्ती होती. म्हणून ती गप्प बसली. मीही.

पुढच्या तासाला बाईंनी माझ्या हातात नारळाची करवंटी ठेवली.

"ही तुझी. दुसऱ्यांच्या पेल्यात ब्रश घालायचा नाही."

आता मला एक सांगा. ते पाणी कुणी पिणार नव्हतं. त्यात कुणी पोळी बुडवणार नव्हतं, कुणी ते देवावर घालणार नव्हतं. रंगाचं पाणी होतं ते. तास संपला की गटारात जायचं. त्या पाण्यातही माझा ब्रश चालत नव्हता. गटारात जायच्या पाण्याला मी आणखी काय बाटवणार होते? खूप वर्षं विचार केला. उत्तर नाही. बाईंकडेही नसणार.

पोरांनी माझं नाव करवंटी ठेवलं. "ए करवंटी, पट्टी दे." "करवंटी आली रे." एका पोराने ती खिडकीतून फेकून दिली. मी जिना उतरून मैदानातून शोधून आणली, कारण ती नसेल तर मला रंगवता येणार नव्हतं. वर आले आणि त्या पोराच्या दंडाला चावले. रक्त येईपर्यंत सोडलं नाही. शिक्षा मलाच झाली, पण पुन्हा त्याने करवंटीला हात लावला नाही.

आई ती करवंटी राखेने घासून द्यायची. बुधवारी चित्रकला, म्हणून मंगळवारी घासायची. आत-बाहेर, चकचकीत. "स्वच्छ दिसली पाहिजे, नावं ठेवायला जागा नको," म्हणायची.

आणि यातली सगळ्यात संतापाची गोष्ट पुढेच आहे. माझे रंग सुंदर यायला लागले. येणारच. बाकीच्यांचं पाणी सगळ्यांच्या ब्रशने चिखल व्हायचं, त्यांचा पिवळा मळकट, त्यांचा निळा मेलेला. माझं पाणी एकटीचं. माझा पिवळा पिवळाच राहायचा. बाईंनी माझं चित्र वर धरून वर्गाला दाखवलं. "बघा, हिचे रंग किती स्वच्छ आहेत!" स्वच्छ म्हणाल्या. मला तेव्हा आनंद झाला होता, याची मला आजही चीड येते.

लोकांना ही गोष्ट सांगितली की काही जण म्हणतात, बघ, एका परीने त्या बाईंमुळेच तू कलाशिक्षिका झालीस. असं म्हणणाऱ्याच्या कानाखाली काढावीशी वाटते. मी त्या बाईंच्या छाताडावर पाय देऊन कलाशिक्षिका झाले.

एटीडी केलं, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका. ठिकठिकाणी अर्ज केले. शेवटी ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, टॉवरांच्या मधोमध असलेल्या एका इंग्रजी शाळेत प्राथमिकची कलाशिक्षिका म्हणून लागले. पहिली ते चौथी. आम्ही तोपर्यंत ठाकुर्लीत भाड्याने राहायला आलो होतो. दिव्यापेक्षा तिथे नळ जरा बरा होता. आईने धुणीभांडी सोडली.

पहिल्याच दिवशी मी एक पांढरा प्लास्टिकचा टब विकत घेतला. तास संपायच्या आधी मुलांनी आपापल्या ग्लासातलं रंगाचं पाणी त्यात ओतायचं. चाळीस पोरांचं पाणी एकत्र. मी काठीने ढवळायची आणि विचारायची, आज कुठला रंग झाला? राखाडी, चॉकलेटी अशी पुस्तकातली नावं चालणार नाहीत, बघून सांगायचं. पोरं टबाभोवती वाकायची. "मिस, ओल्या कावळ्याचा!" "मिस, आजीच्या गुडघ्याच्या तेलाचा!" "मिस, पप्पांच्या हेल्मेटचा, आतून!" मग सगळ्यांनी तळवे बुडवायचे आणि मोठ्या कागदावर ठसे उमटवायचे. पोरं या शेवटच्या दहा मिनिटांसाठी जीव टाकायची. रंग बघायला याहून चांगलं मला काही शिकवता आलं नसतं. आणि खरं सांगते, तो टब मी माझ्यासाठीही घेतला होता.

दुसरीच्या वर्गात निशा होती. आरटीईतून आलेली, म्हणजे कायद्याने राखून ठेवलेल्या मोफत जागेवर. तिची आई त्याच टॉवरांमध्ये लादी पुसायची. बारीक अंगाची, दात किडलेली, आणि डोळे असे की काही सुटायचं नाही. एकदा टबात बघून म्हणाली, "मिस, हा सर्व्हिस लिफ्टच्या भिंतीचा." बाकीच्या पोरांना सर्व्हिस लिफ्ट माहीत नव्हती. ती त्यांना हातवारे करून सांगत बसली, कुठे असते, आतून कशी ओरखडलेली असते. त्यातली अर्धी पोरं त्याच इमारतीत राहणारी.

पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. टबात हात घातलेली पोरं. खाली चर्चा सुरू झाली. सगळ्यांचं पाणी एकत्र कशाला? कुठल्या कुठल्या घरांतून मुलं येतात, त्यांच्या हातांना काय असतं कुणाला माहीत?

मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. शाळेत सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. टेबलावर स्टीलचे ग्लास ठेवलेले. प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

"आरटीईच्या मुलांना हे द्या. त्यांचं टेबल वेगळं करा. आणि त्यांचं पाणी त्या टबात नको. हायजीनचा इश्यू आहे."

"कुणाला काय झालंय का मॅडम?"

"झालं नाहीये. होऊ नये म्हणून सांगतेय."

"मी हे ग्लास देणार नाही."

"तुम्ही इतकं पर्सनली का घेताय?" त्या म्हणाल्या. आणि मग त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली. नावावरून आडनावावर. तिथे थांबली.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "आता लक्षात आलं."

मला त्या क्षणी ओठावर पेल्याची चीर जाणवली. डोंबिवलीच्या बाई निदान तोंडावर विचारायच्या. ह्या वाचून घेतात. मी ग्लास तिथेच सोडून वर्गात निघून गेले.

शुक्रवारी दुसरीचा तास होता. मी पोहोचायच्या आधीच शाळेतल्या मावशींनी ते ग्लास वाटलेले. खिडकीजवळ एक टेबल वेगळं ओढलेलं, त्याच्याशी निशा आणि तिच्यासारखीच आणखी काही पोरं. मी टेबल परत जागेवर ओढलं. पोरांना मधे मधे बसवलं. ग्लास बदलायला मात्र वेळ मिळाला नाही, पोरांनी तोवर रंग कालवले होते. विषय दिला होता: आपल्या घरातला आवाज. निशाने कुकर काढला होता, शिट्टीला केशरी रंग दिलेला.

तास संपत आला. टब मधोमध ठेवला. पोरं ग्लास घेऊन रांगेत. निशा आली, दोन्ही हातांत स्टीलचा ग्लास सांभाळत.

"नो! नॉट यू!"

मॅडम दारातून आत आल्या होत्या. केव्हापासून उभ्या होत्या, मला माहीत नाही. त्यांनी येऊन निशाच्या हातावर फटका मारला. ग्लास वर उडाला आणि त्याची कड तिच्या ओठावर बसली. पाणी तिच्या गणवेशावर सांडलं. केशरी. त्यात रक्ताची धार मिसळली आणि कुठलं काय ते कळेना. निशा रडली नाही. तिने आधी खाली पडलेला ग्लास उचलला. मग खाली बसून हातानेच फरशी पुसायला लागली.

तिला कुणी पुस म्हटलं नव्हतं.

ते मी बघितलं आणि माझ्या आत जे इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं ते फुटलं. मी मॅडमचं मनगट धरलं. काचेची बांगडी होती, माझ्या मुठीत फुटली. तिचे तुकडे माझ्या तळव्यात घुसले, त्यांच्याही हातात. त्यांना ओढत टबाशी आणलं. खाली वाकवलं. आणि त्यांचा हात त्या पाण्यात घातला. बोटं, मनगट, क्रीम रंगाची बाही, कोपरापर्यंत. त्या किंचाळल्या. मी सोडला नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर मारलं, नखं लागली. मी सोडला नाही. आणखी खाली दाबला. टबाच्या बुडाला त्यांची बोटं आपटल्याचा आवाज आला.

"काय झालं तुमच्या हाताला?" मी विचारत होते. ओरडून. "बघा ना! काय झालं? जळला? सडला?"

मावशींनी मला मागून धरलं तेव्हा सोडला. मॅडमचा हात मळकट तपकिरी झाला होता, चाळीस पोरांच्या रंगाचा. त्या तो अंगापासून लांब धरून उभ्या होत्या. मी वाकून निशाच्या हातातून फडक्यासारखी झालेली ओली ओढणी काढून घेतली. माझीच होती, झटापटीत खाली पडलेली; तिने ती उचलून पुसायला घेतली होती. "ऊठ," मी तिला म्हटलं. "फरशी तू पुसायची नाहीस."

मला घरी बसवलं आहे. सोमवारी पालकांची सभा आहे. तिथे सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायची, मग विषय मिटवू, असा निरोप आहे. नाही मागितली तर नोकरी जाईल, पोलिसांतही देतील.

स्टाफमधल्या एका मैत्रिणीचा फोन आला. "तुझं बरोबर होतं गं, पण मुलांसमोर नको होतं."

मुलांसमोरच हवं होतं. मलाही मुलांसमोरच पाजलं होतं. ती चौथी ब आता मोठी झाली असेल, तिलाही पोरं झाली असतील, आणि त्या दिवशी ती जे शिकली तेच ती पालकांच्या ग्रुपवर लिहीत असेल. या चाळीस पोरांनी दुसरं काही बघितलं, याचं मला जराही वाईट वाटत नाही.

वाईट वाटण्यासारखं काही असेल तर ते निशाबद्दल. तिची आई तिला घेऊन ठाकुर्लीला आली. निशाचा ओठ सुजून आलेला. तिची आई दारातच उभी राहिली, आत येईना.

"मिस, माफी मागून टाका ना," ती म्हणाली. "तुमच्याकडे डिग्री आहे, तुम्हाला दुसरीकडे मिळेल. हिची सीट गेली तर मी काय करू?"

"ती त्यांना काढता येत नाही. कायदा आहे."

"कागदावर नाय काढत ओ. असं वागवतात की आपणच पोरीला काढून घेतो."

तिचं खरं होतं. एवढा वेळ जे रक्त उसळत होतं ते तिथे थंड पडलं. क्षणभर वाटलं, मागून टाकू माफी. दोन वाक्यं तर बोलायची आहेत. माझं काय जातंय?

आई आतून बाहेर आली. पिठाचे हात. तिने निशाची हनुवटी धरून ओठ उजेडात बघितला, कितीतरी वेळ. मग तिच्या आईला म्हणाली, "माझ्या पोरीला शाळेनं करवंटी दिली होती. मी ती राखेनं घासून द्यायचे. चकाचक करून. कशाला? तर शाळा सुटू नये म्हणून." तिने निशाची हनुवटी सोडली. "तू नको घासू."

असं आई पहिल्यांदा बोलली. माझ्यापुढेही कधी बोलली नव्हती. मला तिचा राग होता, इतकी वर्षं होता, आणि तो तिला माहीत होता.

निशाची आई पोरीला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात उभी. साडी बदललेली, निशाचा केशरी डाग पडलेला गणवेश पिशवीत घातलेला. न धुता. आम्ही दोघी पोलीस चौकीत गेलो. हवालदार आधी म्हणाला, शाळेचं शाळेत मिटवा. ती म्हणाली, "तुमच्या पोरीचा ओठ फुटला असता तर मिटवलं असतं का?" तक्रार लिहून घेईपर्यंत ती बाकावरून उठली नाही.

उद्या सोमवार.

माझ्यावर काय गुन्हा लागायचा तो लागू दे. हात धरला, बांगडी फोडली, पाण्यात घातला, सगळं कबूल करीन. माफी मागणार नाही. मॅडमची नाही, पालकांची नाही, कुणाचीच नाही. शिकवणं मी सोडणार नाही. त्या शाळेत नाही तर दुसऱ्या शाळेत, तिथे नाही तर दिव्यातल्या चाळीच्या ओट्यावर. तोच पांढरा टब घेऊन मी उद्या सभेत जाणार आहे. निशा बरोबर येणार आहे. टब सगळ्यांच्या मधोमध ठेवीन आणि त्यांच्या तोंडावर सांगीन.

मी जिथे शिकवीन तिथे पाणी एकच असेल. ज्याला चालत नसेल, त्याने आपला ब्रश कोरडा ठेवावा.